चवदार तळ्याचे वारस आणि गळणारी टाकी

दरवर्षी २० मार्चला आम्ही भाषण करतो. कधी विहारात, कधी बाजूच्या वस्तीत, कधी एखाद्या कॉलेजात. १९२३ चा बोले ठराव, १९२७ चे महाड, बाबासाहेबांनी चवदार तळ्याचे ओंजळभर पाणी घेतले तो क्षण, आणि मग १९३७ च्या मार्चमध्ये उच्च न्यायालयाचा निकाल लागेपर्यंत चाललेली दहा वर्षांची कोर्टबाजी. हे सगळे आम्हाला तोंडपाठ आहे. काही वर्षांपूर्वी असेच भाषण करून रात्री घरी आलो, तर आई म्हणाली, "पाण्यावरचं भाषण झालं असेल तर जरा संडासातली टाकी बघ. चार दिवस झाले, रात्रभर सूं-सूं करतेय."

आम्ही हसून विषय टाळला. टाकी ती काय, बघू उद्या. तो उद्या आला तो दोन महिन्यांनी आणि तोही अपमानाच्या वाटेने. तो अनुभव आज लिहीत आहोत, कारण त्यात आमच्या चळवळीच्या एका दुखण्याचे मूळ आम्हाला सापडले.

आमचे बालपण वस्तीत गेले. सार्वजनिक संडासाची रांग, हातात डबा, दाराची कडी तुटलेली म्हणून बाहेर बहिणीला उभे करायचे. नळाला पाणी पहाटे चारला. आईच्या डोक्यावर हंडा आणि कमरेवर कळशी. झोपडपट्टी पुनर्वसनात घर मिळाले तेव्हा आईने सगळ्यात आधी संडासाचे दार आतून लावून पाहिले. टाकीवर दोन बटणे होती. लहान दाबले की थोडे पाणी, मोठे दाबले की जास्त. आईला त्या दोन बटणांचे मोठे कौतुक. "ज्यानं हे केलं त्यानं कधीतरी हंडा वाहिला असणार," असे ती म्हणायची.

इमारतीला दोन विंग आहेत. एका विंगमध्ये आम्ही पुनर्वसनवाले, दुसऱ्या विंगमध्ये विकत घर घेतलेले. पहिली काही वर्षे पाणी पुरले. मग दुपारीच गच्चीवरची टाकी रिकामी व्हायला लागली, टँकर मागवावे लागले आणि बिलाची वाटणी करायची वेळ आली. त्या मीटिंगमध्ये दुसऱ्या विंगचे एक गृहस्थ उभे राहिले आणि शांतपणे म्हणाले, "ह्या लोकांना फ्लश वापरायची सवयच नाही, त्याला कोण काय करणार?"

'ह्या लोकांना'. समाजशास्त्रात एम. ए. करताना आम्ही जातीवर जे काही वाचले ते सगळे या दोन शब्दांत होते. आम्ही उठलो आणि बोललो. मुंबईच्या पाणीपुरवठ्याच्या नियोजनात इमारतीतल्या माणसासाठी दिवसाला १३५ लिटर आणि झोपडपट्टीतल्या माणसासाठी ४५ लिटर असा हिशेब वर्षानुवर्षे धरला गेला, हे सांगितले. २००० नंतरच्या झोपड्यांना पाणी मिळावे म्हणून पाणी हक्क समितीला उच्च न्यायालयात जावे लागले आणि १५ डिसेंबर २०१४ ला तसा निकाल मिळवावा लागला, हेही सांगितले. ज्यांनी ४५ लिटरमध्ये घरे चालवली त्यांना तुम्ही पाण्याची सवय शिकवता? आमच्या विंगने टाळ्या वाजवल्या.

त्या गृहस्थांनी काहीच उत्तर दिले नाही. त्यांनी दोन्ही विंगच्या मीटरचे रीडिंग टेबलावर ठेवले. माणसामागे आमच्या विंगचे पाणी खरोखरच जास्त लागत होते.

मित्रांनो, आकड्यापुढे भाषण चालत नाही. त्या रात्री झोप आली नाही. आरोप जातीय होता, पण रीडिंग खोटे नव्हते. मग खरे काय? आमच्या घरी तर आई आजही भाजी धुतलेले पाणी कुंडीला घालते. पाणी उडवणारा माणूस या घरात नाही. मग पाणी जाते कुठे? रात्रीच्या शांततेत उत्तर ऐकू येत होते. सूं-सूं.

सकाळी पहिल्यांदा टाकीचे झाकण उघडले. इतकी वर्षे वापरतो, पण आत काय असते हे आम्ही कधी पाहिले नव्हते. आत दोन वस्तू असतात. एक पाणी आत घेणारी, म्हणजे बॉलकॉक. दुसरी पाणी खाली सोडणारी, म्हणजे फ्लश व्हॉल्व्ह. त्याच्या बुडाशी रबराचा वायसर असतो आणि पाणी जास्त झाले तर भांड्यात उतरावे म्हणून एक उभी नळी असते. बस, एवढेच. पण यातली खुबी अशी, की टाकीत किती पाणी मावते यावर बचत ठरत नाही, व्हॉल्व्ह कधी बंद होतो यावर ठरते. लहान बटणाला साधारण ३ लिटर आणि मोठ्या बटणाला ६ लिटर पाणी सोडून व्हॉल्व्ह मध्येच बंद व्हायला हवा. उरलेले पाणी टाकीतच राहायला हवे.

आम्ही मोजले. भिंतीतला कॉक बंद केला, टाकीत पाण्याच्या पातळीला पेन्सिलने खूण केली, लहान बटण दाबले आणि मग लिटरच्या बाटलीने खुणेपर्यंत पाणी भरले. नऊ बाटल्या लागल्या. मोठे बटण दाबून पुन्हा भरले. पुन्हा नऊ. दोन्ही बटणे एकच काम करत होती. आईचे ते कौतुकाचे लहान बटण कधीचे मेले होते आणि आम्हाला पत्ता नव्हता.

मग आठवले. दोन वर्षांपूर्वी बटण अडकत होते म्हणून प्लंबर बोलावला होता. त्याने आतली 'मशीन' बदलली होती. आम्हीच सांगितले होते, "दादा, स्वस्तातली टाका." त्यालाच पुन्हा गाठले. मुलगा आमच्याच वस्तीतला आणि सरळ मनाचा. तो म्हणाला, "दादा, तुमच्या टाकीच्या कंपनीचा व्हॉल्व्ह इथं मिळत नाही, शहरात जावं लागतं. किंमत पण तीन-चार पट. मी लोकल टाकला. तो सगळ्या टाक्यांना बसतो. बसतो म्हणजे आत जातो, पाणी अडतं. पण किती पाणी सोडायचं ते त्याच्यावर सेट करावं लागतं. कोण सेट करतो? गिऱ्हाईक बटण दाबतं, धो-धो पाणी येतं, खूश होतं."

आता हिशेब करा. घरात पाच माणसे. प्रत्येकाने दिवसात एकदा मोठे आणि चार वेळा लहान बटण दाबले असे धरा. टाकी नीट असेल तर माणशी ६ आणि १२ मिळून १८ लिटर, घराचे ९० लिटर. टाकी आमच्यासारखी असेल तर प्रत्येक वेळी ९ लिटर, म्हणजे माणशी ४५ आणि घराचे २२५ लिटर. फरक रोजचा १३५ लिटर. आम्ही मीटिंगमध्ये ज्या दोन आकड्यांवर टाळ्या घेतल्या, तेच दोन आकडे आमच्याच संडासात बसले होते. वस्तीतल्या माणसाचे अख्ख्या दिवसाचे ४५ लिटर आमच्या घरातला एकेक माणूस नुसत्या फ्लशमध्ये सोडत होता. आणि हा नुसता फ्लशचा हिशेब झाला. वायसरमधून गळणारे पाणी वेगळेच.

ही गोष्ट फक्त गरिबाच्या घरची आहे असे समजू नका. अमेरिकेने १९९२ मध्ये कायदा करून नव्या संडासांना एका फ्लशला १.६ गॅलन, म्हणजे सुमारे ६ लिटरची मर्यादा घातली. आधी १३ लिटर आणि त्याहून जास्त पाणी जायचे. तिथल्या काही नव्या टाक्यांमध्ये लवकर बंद होणारी खास रबरी झडप होती आणि बचत तीच करत होती. ती झडप झिजली की लोक दुकानातून कोणत्याही टाकीला बसणारी साधी झडप आणून लावत. टाकी नवी, शिक्का नवा, पण पाणी पुन्हा जुन्याइतके जाऊ लागे. टाकीत टाकायच्या क्लोरीनच्या वड्यांनी रबर लवकर सडते, हेही तिथे लक्षात आले. थोडक्यात, कायद्याने आलेली बचत एका रबराच्या तुकड्यावर टिकून होती आणि तो तुकडा बदलायची वेळ आली तेव्हा कायदा घरात नव्हता.

इथे आमचा मुद्दा सुरू होतो. आपल्याकडे वस्तू देण्याचा समारंभ होतो, वस्तू टिकवण्याचा होत नाही. चावी देताना फोटो निघतो, फीत कापली जाते, पाटीवर नावे कोरली जातात. पण टाकी कोणत्या कंपनीची, मॉडेल कोणते, त्याचा सुटा भाग कुठे मिळतो, याचा साधा कागद आम्हाला कुणी दिला नाही. सामूहिक शौचालय बांधायला निधी असतो, त्याची कडी बदलायला नसतो. मग दोन वर्षांनी तेच लोक येऊन म्हणतात, "बघा, दिलं तरी यांना सांभाळता येत नाही." सुटा भाग मिळत नाही हा बाजाराचा आणि व्यवस्थेचा दोष, तो आमच्या 'सवयी'च्या खात्यावर लिहिला जातो. जात अशीच काम करते. बिघाड वस्तूत असतो आणि बोट माणसाकडे दाखवले जाते.

पण तेवढे म्हणून थांबलो तर आम्ही अर्धेच खरे बोललो. "स्वस्तातली टाका" हे आम्हीच म्हणालो होतो. आईने चार दिवस सांगितले ते आम्ही ऐकले नव्हते. बाबासाहेब १९४२ ते १९४६ व्हाइसरॉयच्या मंत्रिमंडळात होते तेव्हा श्रम खात्याबरोबर पाणी आणि वीज हे विषयही त्यांच्याकडे होते. दामोदर खोऱ्याच्या योजनेच्या बैठका त्यांनी घेतल्या, जलमार्ग आणि सिंचनासाठी केंद्रीय आयोग उभा राहिला तो त्याच काळात. तळ्यावर सत्याग्रह करणारा माणूस धरणाच्या हिशेबातही तेवढाच रमत होता. आम्ही त्यांचे सत्याग्रहाचे अर्धे घेतले आणि हिशेबाचे अर्धे सोडून दिले.

मग विहारातल्या पोरांना घेऊन आम्ही आमच्या विंगमधली घरे तपासायला घेतली. तीन रविवार लागले. साधन एकच, निळीची बाटली. टाकीत निळीचे चार-पाच थेंब टाकायचे, वीस मिनिटे फ्लश करायचा नाही आणि मग भांड्यात पाहायचे. भांड्यातले पाणी निळे झाले तर टाकी गळते. निम्म्याहून जास्त घरांत ते निळे झाले. कुठे वायसर कडक झालेला, कुठे टँकरच्या क्षारांचा थर वायसरखाली बसलेला. कुठे बॉलकॉक वर सेट केल्यामुळे पाणी सतत नळीतून भांड्यात उतरत होते. एका घरात पाणी वाचावे म्हणून टाकीत वीट ठेवलेली. विटेचा चुरा वायसरखाली अडकून टाकी अखंड गळत होती, आणि पाणी कमी पडते म्हणून घरचे दोनदा फ्लश करत होते. हेतू चांगला, परिणाम उलटा. कुणाच्याही घरात 'सवय नसलेला' माणूस सापडला नाही.

आम्ही टाक्यांच्या मॉडेलची यादी केली. कंपनीचे व्हॉल्व्ह आणि वायसर एकदम आणले, त्यामुळे किंमतही कमी पडली. ज्यांना एकदम पैसे देणे जमत नव्हते त्यांना तीन हप्ते दिले. ज्या टाकीचा भाग मिळालाच नाही, तिथे बाजारातला चांगला दोन बटणांचा व्हॉल्व्ह घेतला आणि बाटलीने मोजून तीन आणि सहा लिटरवर सेट केला. प्लंबरला सेटिंगचे वेगळे पैसे ठरवून दिले. तो म्हणाला, या कामाचे वेगळे पैसे त्याला पहिल्यांदाच मिळाले.

दोन महिन्यांनी आमच्या विंगचे रीडिंग खाली आले. ते गृहस्थ माफी मागायला आले नाहीत. पण त्यांच्या विंगच्या एका बाईंनी निरोप धाडला, "तुमची मुलं आमच्याकडच्या टाक्या बघून देतील का? पैसे देऊ."

यावरून आमच्याच घरात वाद पेटला. पोरे तयार होती, चार पैसे मिळणार होते. आईने जेवणाचे ताट बाजूला सारले. "कशासाठी? पुन्हा त्यांच्या संडासात आपल्या पोरांनी हात घालायचा? महाडला बाबासाहेबांनी काय सांगितलं होतं? मेलेली ढोरं ओढू नका. मी हंडे वाहिले ते पोरगं एम. ए. व्हावं म्हणून, त्यांचे संडास बघावे म्हणून नाही."

आम्ही म्हणालो, "आई, टाकीतलं पाणी स्वच्छ असतं. हे नळाचं काम आहे, आयटीआयमध्ये शिकवतात."

"पाणी स्वच्छ असतं, मला कळतं. बघणाऱ्याची नजर स्वच्छ असते का?"

आमच्याकडे उत्तर नव्हते. पोरांमध्येही दोन तट पडले. एक म्हणाला, कौशल्याचे काम आहे, त्यात लाज कसली. दुसरा म्हणाला, "दादा, आपण हे केलं की उद्या त्यांच्या तोंडी 'टाकीवाले' हेच आपलं नाव होईल." दोघेही खरे होते. शेवटी आम्ही निरोप पाठवला, की आमची मुले तुमच्याकडे येतील, पण काम करायला नाही, शिकवायला. झाकण तुमच्या घरातल्या माणसाने उघडायचे, नीळ त्यानेच टाकायची, बाटली त्यानेच भरायची. काही घरांनी नाक मुरडले. काहींनी बोलावले. पहिल्यांदा टाकीत हात घालताना एक साहेब थबकले, तेव्हा आमचा मुलगा एवढेच म्हणाला, "काका, हे प्यायच्या पाण्याच्याच नळाचं पाणी आहे." ज्यांच्या भिंतीत लपवलेल्या टाक्या होत्या, त्यातल्याही काही गळतच होत्या. त्यांचा आवाज बाहेर येत नाही, एवढाच फरक.

आपल्या संडासाची टाकी आपण उघडायची. आम्हाला हे साधे वाक्य फार मोठे वाटते. कारण या देशात संडासाचे प्रत्येक काम 'दुसऱ्या कुणाचे' असते आणि तो दुसरा कोण हे जन्मावरून ठरलेले असते. आमच्या इमारतीमागे सेप्टिक टँक आहे. गळक्या टाक्यांचे पाणी रात्रंदिवस त्यात उतरते. मग मैला खाली बसायला वेळ मिळत नाही, तो पाण्याबरोबर पुढे जातो, चेंबर तुंबतात, टँक उपसायला पुन्हा पुन्हा माणसे बोलवावी लागतात. ती माणसे कोणत्या समाजाची असतात हे इथल्या वाचकाला सांगायला नको. २०१३ च्या कायद्याने सुरक्षा साधनांशिवाय टाकीत माणूस उतरवायला बंदी आहे. २० ऑक्टोबर २०२३ ला सर्वोच्च न्यायालयाने गटारात जाणाऱ्या जिवाची भरपाई दहा लाखांवरून तीस लाख केली. तरी माणूस उतरवला जातो. वायसर बदलल्याने ही व्यवस्था बदलणार नाही, हे आम्हाला कळते. पण आपल्या आळसामुळे एक जरी फेरी जास्त होत असेल, तर त्या अपराधात आपलाही वाटा आहे.

आणि मुंबईचे पाणी येते कुठून? तानसा आणि भातसा ही धरणे शहापूर तालुक्यात आहेत. त्याच तालुक्यातल्या आदिवासी पाड्यांवर उन्हाळ्यात टँकरची वाट पाहत हंड्यांची रांग लागते. धरणाशेजारची बाई रांगेत उभी राहते आणि तिच्या उशापासून निघालेले पाणी मैलोन्मैल जलवाहिनीतून येऊन आमच्या भांड्यात न वापरता वाहून जाते. चवदार तळ्यावर आमच्या पूर्वजांना अडवले तेव्हा पाणी होते, हक्क नव्हता. आज आमच्या घरात हक्क आला आहे. आता शहापूरच्या त्या बाईसमोर आम्ही कुणाच्या बाजूला उभे आहोत?

म्हणून तरुण कार्यकर्त्यांना सांगणे आहे. आपापल्या वस्तीत, विहारात, वसतिगृहात निळीची बाटली घेऊन जा. टाकीवरचे कंपनीचे आणि मॉडेलचे नाव लिहून ठेवा. भाग बदलला की जुना भाग टाकू नका, नवा आणताना तो दुकानात सोबत न्या. प्लंबर गेला की दोन्ही बटणे बाटलीने मोजा. टाकीत क्लोरीनच्या वड्या टाकू नका. आणि पुनर्वसनाचे घर ताब्यात घेताना चावीबरोबर सुट्या भागांची यादी मागा. ती यादी मागणे हीसुद्धा हक्काचीच मागणी आहे.

यंदाच्या २० मार्चलाही आम्ही भाषण केले. रात्री घरी आलो. आई जागी होती. आम्ही काही विचारण्याआधीच म्हणाली, "झोप आता. आज आवाज नाही."

जयभीम!